मुकी गिटार

काल माळ्यावरून कूलर खाली काढला. बाबा खालून धरायला आणि मी वरून सोडायला, आईनं मधे उभं राहून दोघांनाही रागवायचं, अशी आमची दरवर्षीची वाटणी आहे. वाळ्याच्या जुन्या ताट्या काढल्या, टाकीतला मागच्या सालचा क्षारांचा पांढरा थर घासला, नव्या ताट्या बसवून पाणी सोडलं आणि पहिला वारा आला. ओल्या वाळ्याचा तो वास नाकात गेला की मला दुसरं काही आठवत नाही, गिटार आठवते. गिटारीला वास नसतो. पण माझ्या गिटारीला आहे, आणि तो ओल्या वाळ्याचा आहे.

शाळेत ऋतू तीन शिकवले. राजूरला राहणाऱ्याला विचारा, तो चौथा सांगेल. मार्च सरता सरता ज्या दिवशी कूलर माळ्यावरून उतरतो तिथून तो ऋतू सुरू होतो आणि कूलर परत वर गेला की संपतो. मधल्या काळात दुपारी गल्लीत कुत्रंही दिसत नाही. दोरीवरच्या कपड्यांवर एका अंगानं कोळशाची काळी धूळ बसते, दुसऱ्या अंगानं चुनाभट्टीची पांढरी, आणि घराघरांतून एकच सूर येत असतो: घूंऽऽ. त्या सुराचं मला कधी काही वाटलं नव्हतं. गिटार आली त्या उन्हाळ्यापासून वाटायला लागलं.

मी तेव्हा बी.एस्सी. नुकतीच झाले होते, विषय फिजिक्स. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी सांगते, आणि मिरवूनही सांगते. मिरवू नये असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरी भिंतीवर तीन पिढ्यांच्या पदव्या टांगलेल्या असतात. आमच्या भिंतीवर एकच आहे आणि ती माझी आहे. वणीला ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागायच्या आधीचे ते दिवस. वस्तीतल्या मुलांच्या ट्यूशन घ्यायच्या आणि उरलेल्या वेळात व्हिडिओ बघून गिटार शिकायचं, एवढाच उद्योग होता.

इलेक्ट्रिक गिटारच का घेतली, हे पुष्कळ जण विचारतात. आमच्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत आणि खाणीच्या पाळ्या तीन आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो. अशा घरची बाई सकाळी दाराच्या कडीला गमछा बांधते. गमछा दिसला की त्या दारापुढे भांडण नाही, क्रिकेट नाही, भाजीवालाही ओरडत नाही. तो लांबूनच हात हलवून विचारतो, भेंडी की वांगी. आमच्या शेजारी मेश्रामकाका. त्यांच्या दाराला जवळजवळ रोजच गमछा. तेव्हा घुमणारी, पोकळ लाकडाची गिटार आमच्याकडे चालणारच नव्हती. इलेक्ट्रिक गिटार भरीव असते. ती नुसती छेडली तर चिमटीत धरलेला डास गुणगुणावा तेवढा आवाज येतो. पण तिची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि हेडफोन कानाला लावला, की वाजवणाऱ्याच्या कानात अख्खा मंडप उभा. बाहेर सगळं गप्प.

घरच्यांना यातलं आधी काही सांगितलं नव्हतं, हीच चूक झाली. गिटार पेटीतून काढली, आईनं तिच्यावरून हात फिरवला, म्हणाली, "वाजव बरं."

मी वाजवली. टिंग.

"जोरानं वाजव ना व माय."

"जोरानंच वाजवून राह्यली आई."

आईनं बाबांकडे बघितलं. बाबांना तर टिंगसुद्धा ऐकू आलं नव्हतं. ते माझ्या हाताकडे आणि आईच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. आईनं त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "मुकी हाये!"

बाबा कळवळून म्हणाले, "फसवलं पोट्टीले दुकानदारानं. एवढी शिकली, पण वाजवून पाहाचं नाई समजलं."

पुढचे कित्येक दिवस आमच्याकडे तिचं नाव 'मुकी' हेच राहिलं. मुकीवर कपडा टाक. मुकीला उन्हातून सरकव.

बाबांच्या कानाचं सांगायला हवं. खाणीत त्यांचं सगळं आयुष्य ड्रिल मशीनवर गेलं. डावा कान आधी गेला, मग उजवा अर्धामुर्धा गेला. ऐकायचं मशीन कानात घालायला त्यांना आवडत नाही, घातलं की जगभरची भांडी एकदम पडतात म्हणतात. पण तेच बाबा एकेकाळी विहारातल्या गायन पार्टीचे ढोलकीवाले होते. जयंतीच्या आधी महिनाभर आमच्या घरी चपलांचा ढीग पडायचा. पेटीवाले यायचे, झांजवाले यायचे, आणि बाबा मान किंचित वाकडी करून, डोळे मिटून ढोलकी वाजवायचे. मी दहावीत असताना एका कार्यक्रमात गाणं संपलं, पेटी थांबली, झांजा थांबल्या, आणि बाबांची ढोलकी तशीच चालू राहिली. डोळे मिटलेलेच होते. पुढे बसलेली पोरं हसली. पोरांचं काय, ती हसणारच. पेटीवाल्यांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. घरी आल्यावर त्यांनी ढोलकी कपड्यात बांधली आणि माळ्यावर कूलरच्या शेजारी ठेवून दिली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात कूलर काढताना ते गाठोडं दिसायचं, आणि आम्ही तिघंही ते न दिसल्यासारखं करायचो.

म्हणून मला त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट हवी होती. बाबांनी माझं वाजवणं ऐकावं. मुकी मुकी नाही, हे त्यांच्या कानाला पटावं.

तर जोडणी. गिटार आणि कॉम्प्युटर यांच्या मधे एक डबी लागते, हातात मावणारी. गिटारीचा आवाज कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत करणं एवढंच तिचं काम. ती येईपर्यंत मला दम नव्हता. मी साधी पिन लावून गिटार सरळ माइकच्या भोकात खुपसली. आवाज आला, पण कसा? तार आज छेडावी आणि आवाज उद्या यावा असा. खदानीच्या पलीकडच्या काठावर घण मारणारा माणूस बघितलाय का तुम्ही? घण आधी पडलेला दिसतो, ठण् मागून ऐकू येतं. अगदी तसं. माझंच बोट, माझीच तार, आणि आवाज जणू दुसऱ्या कोणी काढलेला. गंमत म्हणजे हात त्या आवाजाची वाट बघायला लागतो, मग आवाज आणखी मागे पडतो, मग हात आणखी थांबतो, आणि शेवटी दोघंही बसून राहतात.

डबी आल्यावर समजलं की कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं नेत नाही. लोट्यात साठवतो, लोटा भरला की ओततो. लोटा मोठा तर उशीर मोठा. लहान केला तर आवाज लगेच येतो, पण फारच लहान केला तर माझ्या जुन्या कॉम्प्युटरला धाप लागायची आणि मधेच चर्र चर्र व्हायचं. कुठला लोटा याला झेपतो, हे शोधण्यात माझा आठवडा गेला आणि त्या आठवड्याइतकी मजा मला परीक्षेतल्या पहिल्या वर्गानंही दिली नव्हती.

मग घूंऽऽ. हेडफोन लावला की गाण्याखाली तो जाड, सलग आवाज. गिटार दाराकडे वळवली की कमी, कूलरकडे वळवली की जास्त. मी गिटार छातीशी धरून खोलीभर गोल फिरले, कुठे वाढतो, कुठे घटतो ते ऐकत. आई पोळ्या लाटता लाटता बघत होती.

"काय शोधून राह्यली वो?"

"आवाज."

"आधी वाजत नव्हती तवा बी शोधे. आता वाजते तरी शोधते."

गिटारीच्या तारांखाली एक पट्टी असते. तिच्यात लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. वरची तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते. पण कूलरच्या मोटरीतही तेच तांब्याचे वेढे आहेत आणि ते माझ्या गिटारीशी खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला बोलताहेत, हे कानानं ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. पाठ केलेलं वाक्य असं कूलर होऊन समोर उभं राहील हे कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

दुसरी एक गोष्ट दिसली. मी तारांवर तळवा ठेवला की घूं दबायचा. उचलला की परत. म्हणजे माझ्यातून काहीतरी जमिनीत जात होतं, आणि ज्या वाटेनं जायला हवं ती वाट बंद होती. बोर्ड उघडला. भिंतीवर तीन भोकांचा, आणि वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नाही! अर्थिंग नुसती दाखवायला. मीटरखाली अर्थिंगचा खड्डा मात्र होता. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच त्यात पाणी ओततात, नाहीतर लाईट मिणमिणते. आईही रोज कूलरचं उरलेलं पाणी इमानानं ओतायची. वस्तीतल्या वायरमनला बोलावून त्या खड्ड्यापासून बोर्डापर्यंत वायर ओढून घेतली. घूं अर्ध्याहून कमी झाला. उरलेल्याला एकच उपाय: वाजवताना कूलर बंद.

विदर्भात, मे महिन्यात, भर दुपारी कूलर बंद करा म्हणणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. नुसता पंखा भट्टीतला वारा फिरवायचा. आई म्हणायची, "तुह्या मुकीपायी आमी भुईमुगावानी भाजून निघालो." पण बंद करायची. स्वतःच उठून करायची.

आणि बॅकिंग ट्रॅक. हा शब्द आईला समजावताना मलाच नीट कळला. मी सांगितलं, "आई, पुरं गाणं असते, फक्त एक जण त्यात नसते. मी गिटार वाजवते म्हणून गिटारवाला नाही. बाकी सारे हायेत."

"म्हंजे पंगतीत एक पाट रिकामा."

"हो."

"अन् तुह्यासाठी थांबतेत का ते?"

नाही, थांबत नाहीत. हीच तर शिकवण आणि हाच त्रास. तो ढोलवाला, तो जाड सुरांचा बेसवाला, ते की-बोर्डवाले कुठल्याशा गावचे, कधी वाजवून मोकळे झालेले. मी चुकले तर त्यांना पत्ता नाही. मी अडखळले तर ते पुढे निघून जातात. त्यांना मी ऐकते, ते मला ऐकत नाहीत. असं वाजवताना एकदा मान वर केली तर बाबा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बाबांना रोजचं जग असंच भेटत असेल का? फक्त उलटं. जग त्यांना ऐकतं, ते जगाला ऐकत नाहीत, आणि थांबत मात्र कोणीच नाही.

त्या दिवशी मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. आवाज वाढवला. काही नाही. मग कॉम्प्युटरवर एक सरळ सूर लावला, खालून वर चढत जाणारा, आणि सांगितलं, ऐकू येईल तोवर बोट वर ठेवा. सूर जाड होता तेव्हा बोट वर. चढत गेला, बोट वर. आणखी चढला आणि एका जागी बोट हळूच खाली आलं. मला सूर ऐकू येत होता, आईलाही हेडफोनच्या बाहेरून येत होता, बाबा मात्र शांत बसले होते. मी परत खाली आणला, बोट वर. परत चढवला, त्याच जागी खाली. बाबांच्या कानाचं दार कुठे लागतं ते असं समजलं. दाराच्या अलीकडचं जग बाबांचं. चिमण्या, सायकलची घंटी, आईच्या बांगड्या, पेटीचे वरचे सूर, हे सगळं पलीकडे.

मग उपाय सोपा होता. मी ट्रॅकमधलं वरचं सगळं कमी केलं, खालचं वाढवलं, गिटारीच्या फक्त जाड तारा वाजवल्या. बाबा दचकले. हेडफोन दोन्ही हातांनी धरला.

"हे तू वाजवून राह्यली?"

मी मान हलवली.

"मुकी?"

परत मान हलवली. बाबा हसले, आणि बराच वेळ ऐकत राहिले. मला हवं ते मिळालं होतं. पण त्यांचा उजवा हात शेजारच्या बंद कूलरच्या पत्र्यावर चालायला लागला होता. बोटांनी, हळू. ढोलकीचा 'धा' कुठे आणि 'ती' कुठे हे पत्रा सांगत होता.

आई चौकटीतून म्हणाली, "पत्रा कायले बडवता? आणू का खाली?"

काय ते कोणी विचारलं नाही. बाबांना ऐकूही गेलं नसेल. पण आईनं माझ्याकडे बघून भुवई वर केली, आणि मी स्टूल लावलं.

गाठोडं सोडल्यावर बाबा लगेच वाजवायला बसले नाहीत. दोन दिवस नुसती ढोलकीची दोरी ओढत, शाई तपासत राहिले. मी तेवढ्यात एक ट्रॅक स्वतःच तयार केला. जाड तारांवरची एक साधी चाल, खाली बेस, आणि ढोल सगळा बंद करून टाकला. कॉम्प्युटरमध्ये ते एका टिचकीत होतं. पंगतीतला रिकामा पाट आता बाबांचा होता.

दुपारची वेळ. शेजारी गमछा बांधलेला. कूलर बंद, वर पंखा. बाबांच्या कानाला हेडफोन, माझ्या कानात लहान इअरफोन, समोरासमोर बसलो. बाबांनी एकच अट घातली, "तू समोर बस. तुहा हात दिसला पाह्यजे." शेजारी झोपलेले म्हणून ते बोटांच्या टोकांनीच वाजवत होते. ढोलकी कुजबुजत होती. बाबा पहिल्यांदा सुराच्या आधी आले, मग मागे पडले, मग तिसऱ्या की चौथ्या वेळी अशी जागा सापडली की मला माझ्या हाताचा विसर पडला.

आणि लाईट गेली.

पंखा गरगरत थांबला. कॉम्प्युटर काळा झाला. माझ्या कानातून बेस गेला, सूर गेला, सगळा मंडप एका क्षणात उठून गेला. माझ्या हातात परत मुकी उरली, टिंग टिंग करणारी. आणि समोर बाबांची ढोलकी तशीच चालू होती.

मला दहावीचं वर्ष आठवलं. थांबलेली पेटी, थांबलेल्या झांजा, गुडघ्यावरचा हात. मी आता थांबले तर परत तेच. बाबा माझ्या हाताकडे बघत होते. मी हात थांबवला नाही. आवाज नसलेली गिटार मी अशी वाजवत राहिले जशी आजवर वाजवली नव्हती, एकेक तार मोजून, हात मोठा करून, दिसेल असा. लाईट गेली की वस्ती जागी होते. पंख्याशिवाय कोण झोपेल? दारं उघडल्याचे आवाज आले. मेश्रामकाका गमछ्यानं मान पुसत आमच्या चौकटीत येऊन उभे राहिले. त्यांनी आईकडे बघितलं. आईनं नुसतं बोट ओठांवर ठेवलं. मला भीती एवढीच, की कोणी हसेल.

तेवढ्यात बाबांनी बोटं सोडून पंजा टाकला. खणखणीत थाप. मग दुसरी. कुजबुज संपली, ढोलकी उघड्या गळ्यानं बोलायला लागली, भिंती ओलांडून गल्लीत गेली. मी मुकीवर चाल फिरवत होते आणि तिचा आवाज माझ्याही कानापर्यंत येत नव्हता, तरी ते प्रत्येक वळणावर माझ्याबरोबर होते. मी शेवटाकडे आले, हात उंच केला आणि खाली आणला. त्याच क्षणी त्यांची थाप पडली. दोघंही थांबलो.

मेश्रामकाका म्हणाले, "दादा! जिवंत हाये का हे ढोलकी अजून!"

मी बाबांच्या कानाचा हेडफोन काढला, उजव्या कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, लाईट गेली."

"मले नाही का समजली?" बाबा म्हणाले. त्यांनी गळ्यावरचा घाम पुसला. "हवा बंद झाली ना. कानातलं बी बंद झालं."

"मंग?"

"मंग काय? तू थांबली नाई म्हून म्या नाई थांबलो. अन् लाईट गेली म्हंजे मेश्राम जागा झाला, मंग कायले हळू वाजवू?"

मेश्रामकाका एवढे हसले की आईनं त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर किती उन्हाळे झाले. नवा कॉम्प्युटर आला, लोटा आता माझ्या मनासारखा लहान होतो, बॅकिंग ट्रॅक हवे तितके आहेत. वर्गात वेढे आणि चुंबक शिकवताना मी गिटार घेऊन जाते, मुलं खूश होतात. पण त्या दुपारचं एक कोडं मला सुटलेलं नाही. कानात काही नव्हतं, गिटार मुकी होती, ढोलकी मोठ्यानं चालली होती. बाबांना माझा हात दिसत होता हे खरं. पण हात बघून माणूस एवढा नेमका येतो? विचारलं तर म्हणतात, "ऐकू येत होतं." काय ऐकू येत होतं, म्हटलं की म्हणतात, "तूच सांग, तू शिकलेली."

काल कूलर उतरवला तेव्हा माळ्यावर त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे आता आईनं पापडाचा डबा ठेवलाय. नव्या ताट्यांवर पाणी सोडलं, वाळ्याचा वास घरभर झाला, आई कुठे जरा वाऱ्यासमोर टेकली होती. आतल्या खोलीतून बाबांनी ढोलकीवर दोनदा बोटं आपटली आणि ओरडून सांगितलं, "कूलर बंद करा वो!"

आई कुरकुरत उठली. मी दारातून डोकावून शेजारच्या कडीला गमछा आहे का बघितलं. नव्हता.